तेराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेसाठी अर्ज करावा का? घरी फक्त ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे

प्रश्न : एक आई, आर्वी तालुका, जि. वर्धा
माझी मुलगी तेरा वर्षांची असून पाच वर्षांपासून पियानो शिकते आहे. दर शनिवारी सकाळच्या एसटीने आम्ही नागपूरला तिच्या शिक्षिकांकडे जातो. मात्र कापूस वेचणीच्या दिवसांत तिला नेणारे कोणी नसते आणि मग पंधरा-पंधरा दिवस खऱ्या पियानोला तिचा हात लागत नाही. घरच्या कीबोर्डवर बाखच्या दोन इन्व्हेन्शन (छोट्या रचना) ती नीट वाजवते, पण बेथोव्हेनचा एक सुरुवातीचा सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना) बसवताना डाव्या हाताला पट्ट्याच अपुऱ्या पडतात. तिथे ती हात तसाच अधांतरी धरते आणि तो स्वर मनातल्या मनात म्हणते. हे पाहून मला राहवत नाही. तिला मुलांच्या एखाद्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे आहे. या वर्षी अर्ज करावा का, आणि कीबोर्डवरचे चित्रीकरण चालेल का? तालुक्याच्या गावी एका जुन्या चर्चमध्ये उभा पियानो आहे, पण तो कित्येक वर्षांत कोणी जुळवलेला नाही.

उत्तर : पियानो शिक्षिका, पुणे
ताई, वयाची घाई करू नका. अमेरिकेत टेक्सास राज्यात २०१५ पासून होणारी क्लायबर्न कनिष्ठ स्पर्धा १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. जर्मनीतील एटलिंगेनची स्पर्धा १९८८ पासून दर दोन वर्षांनी भरते आणि तिच्यात १५ वर्षांपर्यंत व २० वर्षांपर्यंत असे दोन गट असतात. वॉर्साच्या शोपाँ स्पर्धेचे दार तर सोळाव्या वर्षी उघडते. म्हणजे तुमच्या लेकीच्या हाताशी अजून बरीच वर्षे आहेत.

खरी अडचण पट्ट्यांची आहे आणि ती तुम्ही अगदी नेमकी टिपली आहे. बाखच्या इन्व्हेन्शन साधारण चार सप्तकांच्या वाद्यासाठी लिहिलेल्या असल्यामुळे त्या कीबोर्डवर पूर्ण बसतात. बेथोव्हेनच्या तरुणपणीच्या पियानोलाही बहुधा ६१च पट्ट्या असत, पण त्या खालच्या एफ या स्वरापासून सुरू होत. आजचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड त्याच्या वरच्या सी या स्वरापासून सुरू होतो, म्हणून मंद्रातल्या सात पट्ट्या तिला मिळतच नाहीत. त्याहून मोठी गोष्ट स्पर्शाची. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळून लगेच मागे येते, आणि बोट किती वेगाने खाली गेले यावर स्वराचा जोर ठरतो. स्प्रिंगच्या हलक्या पट्टीवर बोटाला हे वजन कळत नाही. परीक्षक दोन मिनिटांत ओळखतात. अशा स्पर्धांना खऱ्या पियानोवरचेच वादन लागते, तेव्हा कीबोर्डवरचे चित्रीकरण पाठवण्याचा विचार सोडून द्यावा.

उत्तर : पियानो जुळवणारा, अमरावती
चर्चच्या पियानोवर आशा ठेवायला हरकत नाही, पण तो हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याच्या हाती मात्र देऊ नका. पियानोत सुमारे २३० तारा असतात. मधल्या आणि वरच्या प्रत्येक स्वराला तीन-तीन, आणि त्यांतली एक जरी उतरली तरी स्वर थरथरू लागतो. वर्षानुवर्षे उतरलेला पियानो एका बैठकीत वर चढवला तर जुन्या तारा तुटतात, म्हणून तो दोन-तीन फेऱ्यांत चढवावा लागतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हाने लाकूड आक्रसते आणि खुंट्या सैल होतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते आणि पट्ट्या अडकतात. त्यामुळे पाऊस सरल्यावर हवा स्थिरावली की जुळवणी करावी. पियानो खिडकीखाली असेल तर आधी आतल्या भिंतीशी हलवून घ्यावा.

उत्तर : एक पालक, यवतमाळ
माझ्या मुलाने गेल्या वर्षी एका स्पर्धेची प्राथमिक फेरी चित्रीकरणावर दिली. नियमपत्रकात स्पष्ट लिहिले होते की कॅमेरा एकाच जागी असावा, चेहरा, हात आणि पट्ट्या एकाच वेळी दिसाव्यात आणि एक रचना सुरू झाली की ती शेवटपर्यंत न तोडता वाजवावी. आम्ही अकरा वेळा चित्रीकरण केले आणि शेवटी दुसऱ्या वेळचेच पाठवले, कारण पुढे पुढे त्याचे खांदे आखडत गेले होते. जन्मदाखल्यावरचे आणि पासपोर्टवरचे नाव अक्षरन् अक्षर सारखे आहे का, हे आजच तपासून घ्या.

पुन्हा प्रश्नकर्ती
सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रविवारी प्रार्थना आटोपल्यावर पाळकसाहेबांनी पियानोचे कुलूप काढून दिले. चार पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या आणि झाकणाखाली उंदराने कुरतडलेली लोकर निघाली. लेकीने बसल्या बसल्या सगळ्यात आधी तो खालचा एफ दाबला. स्वर उतरलेला होता, तरी ती तो कितीतरी वेळ वाजवत राहिली. या वर्षी अर्ज भरणार नाही. अमरावतीच्या दादांना विनंती अशी की, ऑक्टोबर अखेरीस आपण येऊ शकाल का? पियानो आजच खिडकीपासून हलवला आहे.