मदत हवी आहे: रात्रपाळीला मी अन् मावशी दोघीच, आणि वॉर्डात पेशंटचं हृदय बंद पडलं तर?

विदर्भातल्या एका ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे डॉक्टर आणि मोठ्या दवाखान्यांत काम केलेल्या सिस्टर असतील, म्हणून विचारते.

मागच्या आठवड्यात रात्रपाळीला १९ पेशंट, मी आणि मावशी (वॉर्डातली सफाई-मदतनीस). एमओ (मेडिकल ऑफिसर) सर क्वार्टरवर, ऑन कॉल. खिडकीजवळच्या खाटेवर साठीचे एक काका, दोन दिवसांपासून जुलाब-उलट्या, जुनी शुगर. पावणेतीनला त्यांचा मुलगा आला, "सिस्टर, बाबा कसेतरीच घोरून राह्यले." जाऊन बघितलं तर मला श्वास चालू वाटला. तोंड उघडायचं, एक मोठा आचका, मग बराच वेळ काही नाही. मी बीपीचा पट्टा गुंडाळला. बीपी लागेना म्हणून सोडून परत गुंडाळला. मग सरांना फोन, रेंज नाही म्हणून व्हरांड्यात. नाडीला हात लावेपर्यंत ३-४ मिनिटं गेली असतील.

सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, सुरू केला तर खाट जुनी, लोखंडी पट्ट्यांची, गादी मधोमध खोल गेलेली. दाबलं की छाती नाही, गादीच खाली जायची. मावशीने ट्रे आणला आणि माझा हात आधी अ‍ॅट्रोपिनवर गेला. शेतातल्या फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे पेशंट येतात, तेव्हा त्याच्याच अँप्युल फोडतो ना आम्ही, बोटांना तीच सवय. डिफिब्रिलेटर, हृदयाला शॉक द्यायचं मशीन? आहे की. ऑपरेशन थिएटरच्या कपाटात, कुलपात, किल्ली दिवसपाळीच्या इन्चार्जकडे. सर धावत आले, श्वासनलिकेत ट्यूब टाकली, अर्धा तास केलं. काका गेले.

मुलाने भांडण केलं नाही. सकाळी सही करताना एवढंच विचारलं, "बाबाची छाती काहून दाबत होत्या एवढी?" मला तेही धड सांगता आलं नाही.

ट्रेनिंग झालंय माझं. पण तिथे पुतळ्याभोवती सहा जण असतात, प्रत्येकाला एक काम. आमच्याकडे ते सहाही जण मीच. दोघींनी पहिली पाच मिनिटं कशी वाटून घ्यायची? मावशीला शिकवलं तर चालतं का? आणि त्या गादीचं काय करू?

कडूनिंब
सिस्टर, मी भूलतज्ज्ञ. ते घोरणं म्हणजे गॅस्पिंग, श्वास नव्हे. हृदय थांबल्यावरही ते काही मिनिटं चालू राहतं आणि त्याला भले भले फसतात. हाक मारून, हलवून पेशंट जागा होत नाही आणि श्वास नीट नाही, एवढं दिसलं की मानेतली नाडी बघा, १० सेकंद, जास्त नाही. लागली नाही किंवा लागल्यासारखी वाटली-न वाटली, तरी दाबायला सुरुवात. बीपीचा पट्टा विसरा.

वाटणी अशी ठेवा की छाती मावशी दाबेल. तुम्ही दाबत बसलात तर शिरेत औषध कोण देणार, मशीन कोण लावणार? फोन नातेवाइकाला लावायला सांगा, स्पीकरवर ठेवून उशाशी. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० वेळा दाबलं की अँबूने (हाताने दाबायची श्वासाची पिशवी) २ श्वास. दर २ मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेला हात उथळ दाबतो आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही.

अ‍ॅड्रेनलिन १ मिलिग्रॅम, मागून सलाइनचा २० मिलीचा धक्का, हात उंच, दर ३ ते ५ मिनिटांनी. अ‍ॅट्रोपिन २०१० पासून हृदय बंद पडल्यावरच्या यादीत नाही. फवारणीच्या पेशंटसाठी त्याचा वेगळा डबा करा.

पण किल्लीचं वाचून राग आला. व्हीएफ (हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही) असेल तर शॉक हाच उपाय, आणि सीपीआर नसेल तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. ते मशीन वॉर्डात, चार्जिंगला, झाकण न लावता हवं.

तर्कटराव
मावशीने छाती दाबली आणि पेशंट गेला, तर दुसऱ्या दिवशी नातेवाईक काय म्हणतील? झाडूवालीने मारलं. जरा विचार करा.

कडूनिंब
भाऊ, शाळेतल्या पोरांना, पोलिसांना शिकवतो आपण. ही तर दवाखान्यातच असते रात्रभर. नाडी नसलेल्याची छाती दाबून त्याचं आणखी काय वाईट होणार?

जुनी_इन्चार्ज
पोरी, मी तीस वर्षं वॉर्ड सांभाळला. गादीचं सोपं आहे: सुताराकडून प्लायवूडची फळी करून घे, खांद्यापासून कमरेपर्यंत येईल एवढी, एका बाजूला पकडायला भोक. खाटेच्या उशाशीच टांग. माणसाला जमिनीवर उतरवण्यात वेळ घालवू नको.

आता एक विचारते, रागावू नको. त्या काकांचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट काढ आणि श्वासाचा रकाना बघ. वॉर्डातला पेशंट बहुतेक वेळा एकदम नाही जात, आधी काही तास खुणा दिसत असतात.

कडूनिंब
ताईंना +१. दोन दिवस जुलाब म्हणजे पोटॅशियम उतरलेलं असू शकतं, त्याने हृदयाची लय बिघडते. शुगरवाल्यांना अटॅक छातीत न दुखताही येतो. तुमच्या काकांचं नेमकं काय झालं ते इथून कोणी सांगू नये, पण अशा पेशंटचा ईसीजी दाखल करतानाच काढत चला.

धागाकर्ती
काढला चार्ट. सकाळी १८, दुपारी १८, रात्री १८. रात्रीचा माझ्याच अक्षरात. मोजला नव्हता. आमच्याकडे सगळ्यांचाच १८ असतो.

आणि रात्री नऊला काका मला म्हणाले होते, "बाई, जीव घाबरल्यावानी होते." मी पंखा जोरात केला.

जुनी_इन्चार्ज
आम्ही २० लिहायचो. आता घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोज. २५ च्या वर गेला, किंवा कोणी "घाबरल्यासारखं होतंय" म्हणालं, की डॉक्टरला उठव. शिव्या खाव्या लागल्या तर खा.

धागाकर्ती
फळी झाली. सुताराने पैसे घेतले नाहीत, त्याची आई आमच्याकडेच दाखल होती म्हणे. कापसाचं पोतं घट्ट बांधून मावशी त्यावर सराव करते. हात माझ्यापेक्षा सरळ राहतात तिचे, जन्मभर घागरी उचलल्यात. तिची एकच शंका: "बरगडी मोडली तं?"

कडूनिंब
मोडतात पुष्कळदा. कट्ट आवाज येतो. हात जागेवर आहेत ना बघायचं आणि दाबत राहायचं, हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या आवाजाला घाबरून ती हात काढेल.

धागाकर्ती
सांगते. किल्लीचं अजून काहीच नाही. मशीन बाहेर ठेवलं आणि चोरीला गेलं तर जबाबदारी कोणाची, यावर गाडी अडलीय. कुणाच्या दवाखान्यात असा लेखी आदेश निघाला असेल तर त्यातली भाषा इथे टाका. सोमवारी साहेब येणार आहेत.