कादंबरी ४२,००० शब्दांवर अडकली आहे, पूर्ण करण्यासाठी सल्ला हवा (नागपूर)

काटोलनाका:
नमस्कार मंडळी. संत्र्याच्या बागा असलेल्या एका घराच्या तीन पिढ्यांची कादंबरी लिहितो आहे. काटोल-नरखेडचा पट्टा, काळ साधारण १९६५ ते २००५. अंदाज ८०,००० शब्दांचा, त्यातले ४२,००० झाले आहेत. सुरुवात पक्की आहे आणि शेवटही ठरला आहे, पण मधला भाग पुढे सरकत नाही. लिहायला बसलं की मागचीच पानं दुरुस्त होतात आणि उठताना नवीन काही झालेलं नसतं. नोकरी दिवसभराची, त्यामुळे पहाटेचाच वेळ हाताशी आहे.
विचारायचं असं की रोजचं लिहिणं कसं लावून घ्यावं? मधल्या भागाचं नेमकं काय करावं? आणि निम्मा मजकूर वहीत, निम्मा कृती देव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, तो आधी एकत्र करावा का? नागपुरात कुणाला वाचायला द्यावं, हेही सांगा.

अधोरेखित:
मधल्या भागापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. चाळीस हजारांच्या पुढे उत्साह आटतो तेव्हा लेखकाला कंटाळा आलाय असं समजू नका. बहुतेकदा कथेत काहीतरी ठरवायचं राहिलेलं असतं आणि हात ते ओळखून थांबतो. आधी ते शोधा.
लिहिलेले शेवटचे तीन प्रसंग घ्या. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा. पहिली, इथे कोणाला काय हवंय. दुसरी, प्रसंग संपताना असं काय बदललं जे आता मागे फिरवता येणार नाही. दुसरी ओळ सुचली नाही तर तो प्रसंग नुसतं वर्णन आहे. असे दोन सलग निघाले तर कथा तिथेच थांबली आहे, तुम्ही फक्त पानं वाढवली. मागे जात राहा आणि खरा बदल जिथे शेवटचा झाला तिथून पुढची वाट पुन्हा ठरवा. ते मधले प्रसंग खोडू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्यातले तपशील पुढे कामी येतात.
तीन पिढ्यांच्या कादंबरीत एक ठरलेली अडचण येते. आजोबांचा प्रश्न सुटतो, त्यांचा मृत्यू होतो, आणि मुलाचा प्रश्न अजून उभाच राहिलेला नसतो. मग दोघांच्या मधल्या पोकळीत लेखक लग्नं, बारशी आणि निवडणुका भरत बसतो. उपाय असा की पहिल्या पिढीचा प्रश्न मिटण्याच्या निदान दोन प्रसंग आधी दुसरीचा पेटवायचा, आणि दोन्हींच्या मधोमध एकच वस्तू ठेवायची. तुमच्या विषयात ती विहीर असू शकते. आजोबा ती खणतात, वाटणीत ती कोणाच्या हिश्शाला जाते यावरून भाऊ फुटतात, आणि तिसऱ्या पिढीत पाणी खोल गेल्यावर बोअर मारायची की बाग तोडायची हा निर्णय येतो. या पट्ट्यात पाणी खोल जाणं खरोखर घडलेलं आहे, ओढूनताणून आणावं लागणार नाही.
मग पुढची मोजणी. सरासरी १,५०० शब्दांचा प्रसंग धरला तर उरलेल्या ३८,००० शब्दांत साधारण २५ प्रसंग बसतात. पोस्टकार्डाच्या आकाराची २५ कार्डं कापून घ्या. प्रत्येकावर महिना-वर्ष, ठिकाण, कोणाच्या नजरेतून, कोणाला काय हवंय, आड कोण येतं, काय बदलतं. सगळी आज भरू नका. पुढची पाच पूर्ण भरा, शेवटची तीन भरा, मधली कोरी ठेवा. पंचवीसच्या पंचवीस भरून टाकली तर लिहिताना काही शोधायचं राहत नाही, आणि त्यानेही लिहिणं थांबतं.

पहाटपाळी:
अधोरेखित यांच्या हिशोबाला जोडून वेळेचं सांगतो.
दिवसाला ३०० शब्द, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे १,५०० शब्द. आठवड्याला एक प्रसंग. ३८,००० शब्दांना २६ आठवडे लागतात. त्यात चार आठवडे मोकळे धरा, म्हणजे ३०. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू केलं तर जानेवारीत कच्चा मसुदा हातात येईल. मे महिन्यात नवीन पद्धत सुरू करू नका असं मी आवर्जून सांगेन. नागपूरचं ऊन पंचेचाळिशी गाठतं, रात्री झोप नीट होत नाही आणि पहाटे कूलरसमोर डोळे मिटतात. मे कार्डं करायला वापरा.
मोकळे चार आठवडे आधीच कॅलेंडरवर खुणा करून टाका. पोळा आणि तान्हा पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी. सरकारी नोकरी असेल तर हिवाळी अधिवेशनाचे दिवस वेगळे काढा, तेव्हा पहाटेचं काही होत नाही. ठरवून सोडलेला आठवडा त्रास देत नाही. न ठरवता बुडाला की पुढचे दोन त्याच्या अपराधीपणात जातात.
३०० हा आकडा मुद्दाम लहान आहे. पहाटे ५.३० ते ६.३० मध्ये थकलेल्या माणसालाही तो जमतो. हजार धरला तर तीन दिवस जमतं, चौथ्या दिवशी चुकतं, आणि चुकलेले हजार पाचव्या दिवशी भरून काढायचे ठरतात. तिथे पद्धत मोडते. म्हणून बाकी पुढे ओढायची नाही. काल शून्य झाले तरी आज ३०० च. आणि एखाद्या दिवशी ७०० झाले म्हणून उद्या सुट्टी नाही.
मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, गजरासाठी साधं घड्याळ घ्या. लिहिण्याची जागा आदल्या रात्री मांडून ठेवा, आजचं कार्ड वर.

काटोलनाका:
दोघांचेही आभार. पण मागचं वाचल्याशिवाय सूर लागत नाही, आणि वाचलं की दुरुस्ती सुरू होते. यातून कसं सुटायचं?

अधोरेखित:
वाचा, पण फक्त कालचे शेवटचे २०० शब्द. त्याच्या वर स्क्रोल करायचं नाही. वहीत लिहीत असाल तर मागच्या पानांना मोठी क्लिप लावा.
शिवाय उठताना प्रसंग संपवून उठू नका. पुढचं वाक्य माहीत असतानाच थांबा, आणि खाली दोन ओळी टिपून ठेवा की उद्या कोण काय बोलणार आहे. प्रसंग पूर्ण करून उठलात की दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागतं, तेव्हाच हात मागच्या पानांकडे वळतो.
दुरुस्ती सुचेल, ती दाबू नका. वेगळी वही ठेवा. ‘प्रकरण ४, थोरल्याचं लग्न दोन वर्षं आधी हवं’ एवढंच लिहा, आणि त्या क्षणापासून पुढे ते लग्न दोन वर्षं आधीच झालंय असं धरून लिहीत चला. मागे जाऊन बदलायचं नाही. मसुदा मध्येच विसंगत झाला तरी चालतो, दुसऱ्या हातात, म्हणजे दुसऱ्या मसुद्यात, सगळं एकदम जुळवता येतं. आता जुळवलं तर शेवट लिहिताना पुन्हा बदलावं लागेल.
माहिती अडली तर तसंच करा. बाजार समितीतले भाव, ट्रकचं भाडं, कर्जाचा व्याजदर, जिथे माहीत नाही तिथे ‘###’ टाका आणि पुढे जा. ही खूण मजकुरात दुसरीकडे कुठे येत नाही, त्यामुळे नंतर शोधताना सगळ्या जागा एका झटक्यात सापडतात.

टंकघर:
टायपिंगबद्दल. आत्ता एकत्र करू नका. एकत्र करणं म्हणजे पुन्हा मागची पानं, आणि तुमचा आजार तोच आहे.
आत्ता इतकंच करा. वहीच्या पानांना क्रमांक घाला, मोबाइलने फोटो काढून ड्राइव्हवर टाका. एक रविवार पुरतो. इथून पुढचं सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल असं, इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड येत असेल तर उत्तम, नसेल तर उच्चारावर चालणारा कीबोर्ड. कृती देव हा फॉन्ट आहे, त्यात मागे रोमन अक्षरंच साठवलेली असतात. म्हणून फाइल मोबाइलवर किंवा फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की भलतंच दिसतं आणि मराठी शब्द टाकून शोधताही येत नाही.
जुनं कृती देव नंतर कन्व्हर्टरमधून काढा, पण त्यावर विसंबू नका. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार सरकतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, अवतरणचिन्हं बदलतात. ओळ न् ओळ तपासावी लागते. वहीतलं मात्र डीटीपीवाल्याकडे न देता स्वतः टाइप करा, आणि तेही पहिला मसुदा संपल्यावर. टाइप करताना प्रत्येक वाक्य हाताखालून जातं, तोच तुमचा दुसरा हात होतो.
व्हॉइस टायपिंग प्रमाण मराठीला बऱ्यापैकी चालतं, वऱ्हाडी संवादांना नाही. ‘मले’ म्हटलं की ते ‘मला’ करून टाकतं.
दर रविवारी फाइलची तारीख घातलेली प्रत वेगळी ठेवा आणि एक प्रत स्वतःला ईमेल करा.

निंबाचापार:
भाऊ, वऱ्हाडीचा विषय निघालाच आहे तर यात लक्ष घाला, पुष्कळांचं लिहिणं इथेही अडतं. पहिल्या पन्नास पानांत आजोबा ‘मले काय मालूम’ म्हणतात आणि शंभराव्या पानावर ‘मला ठाऊक नाही’. हे लक्षात आलं की लेखक मागे जाऊन सगळे संवाद बदलायला घेतो. त्यापेक्षा एका पानाचा बोली-तक्ता आत्ताच करून भिंतीला लावा.
निवेदन प्रमाण मराठीत असेल तर ते शेवटपर्यंत प्रमाण. संवाद पिढीप्रमाणे. आजोबांना पूर्ण बोली द्या. मले, तुले, बापाले, काऊन, नाई. ‘ळ’चा ‘य’ करायचा का, म्हणजे डोया, काया, हे आधी ठरवा. ऐकायला खरं आहे, पण छापील पानावर ‘काया’ वाचताना वाचक अडखळतो, म्हणून ते एखाद-दुसऱ्या पात्रापुरतं ठेवावं असं माझं मत. मधल्या पिढीत घरी बोली, तहसील कार्यालयात प्रमाण. तिसरा मुलगा नागपुरात शिकायला आला की ‘काय करून राहिला बे’ सुरू होतं, ही शहरी नागपुरी वेगळी आहे, तिला वऱ्हाडीत मिसळू नका. नरखेडकडच्या माणसाच्या बोलण्यात मध्य प्रदेशच्या सीमेमुळे हिंदी जास्त येते.
दुसरा तक्ता बागेचा. संत्र्याचे बहार दोन, आंबिया आणि मृग. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, तोड ऑक्टोबर ते डिसेंबर. मृगाची फुलं जून-जुलैत, तोड फेब्रुवारी ते एप्रिल. आंबियासाठी झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, ते डिसेंबरच्या सुमारास, मृगासाठी एप्रिल-मेमध्ये. कलम लावल्यावर पीक यायला पाच-सहा वर्षं जातात, म्हणजे १९६८ ला लावलेल्या बागेच्या पैशावर १९७० मध्ये लग्न करता येणार नाही. हे कार्डावरच्या महिना-वर्षाशी ताडून बघा. काटोलचा वाचक दुसरं काही धरणार नाही, हे मात्र नक्की धरेल. आणि डिंक्या की कोळशी, म्हणजे कोणत्या रोगाने बाग बसली, तेही एकदा ठरवा.

सीताबर्डीकर:
वाचायला देण्याबद्दल. मसुदा पूर्ण होईपर्यंत कुणालाही देऊ नका. अर्ध्या कादंबरीवर मिळालेलं कौतुक आणि टीका दोन्ही सारखीच घातक. कौतुक झालं की लिहिल्याचं समाधान आधीच मिळून जातं, टीका झाली की पुन्हा पहिलं पान उघडतं.

पहाटपाळी:
इथे मी थोडा असहमत आहे. मजकूर देऊ नये हे मान्य, पण हिशोब एका माणसाला द्यावा. दर शनिवारी फक्त आकडा कळवायचा, ‘या आठवड्यात १,४००’. त्याने त्यावर काही बोलायचं नाही. घरच्यांपेक्षा तोही काही लिहीत असलेला माणूस बरा. एकट्याने सहा महिने काढणं नोकरदाराला जड जातं.

सीताबर्डीकर:
आकड्यापुरतं मान्य आहे. असा माणूस शोधायचा तर विदर्भ साहित्य संघाकडे जा. १९२३ ची संस्था आहे, सीताबर्डीवर झाशी राणी चौकाजवळ, ‘युगवाणी’ हे त्यांचं नियतकालिक. कार्यक्रमांना दोन-चारदा जाऊन बसा, लिहिणारी माणसं भेटतातच.
मसुदा झाल्यावर तीन वाचक पुरे. एक बागायतदार, एक कादंबऱ्या भरपूर वाचणारा, एक भाषेकडे बघणारा. तिघांना ‘कशी वाटली’ विचारू नका, ‘कुठे वाचणं थांबवलंत’ आणि ‘कोणतं पात्र कोणाचं कोण हे कुठे विसरलात’ एवढंच विचारा. तीन पिढ्यांत दुसरा प्रश्न जास्त उपयोगाचा.

काटोलनाका:
आज पाच कार्डं भरली. विहिरीची वाटणी मध्ये आली आणि दोन कोरे प्रसंग आपोआप गळले. एक शंका. शेवट डोक्यात पक्का आहे, तर तो आधी लिहून टाकावा का? आणि ८०,००० म्हणजे छापील किती पानं होतील?

टंकघर:
डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात पानाला २५० ते २८० शब्द धरा. ८०,००० ची साधारण ३०० पानं होतात, प्रकरणांच्या कोऱ्या जागा आणि सुरुवातीची पानं धरून ३२० पर्यंत जाईल. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे वीस फॉर्म. नवीन लेखकाचं इतकं जाड पुस्तक काढताना प्रकाशक खर्चाचा विचार करतो, म्हणून ७०,००० मध्ये संपत असेल तर संपू द्या. पंचवीस प्रसंग लिहिलेच पाहिजेत असं नाही.

अधोरेखित:
शेवटचा प्रसंग लिहा, पण पूर्ण नाही. ३०० शब्दांचा आराखडा, कोण कुठे उभं आहे, कोण काय बोलतं, इतकाच. पूर्ण लिहून वाक्यं आवडली की मधल्या पात्रांना त्या वाक्यांपर्यंत ढकलत न्यावं लागतं, आणि ती ढकललेली दिसतात. आराखडा शेवटच्या कार्डामागे चिकटवा. मधले दहा प्रसंग झाल्यावर एकदा काढून बघा. तेव्हा तो चुकीचा वाटला तर आराखडा बदला, लिहिलेले दहा प्रसंग नाही.