सायबाची उंची काचेतून मोजणाऱ्यांनो

मांडवीकाठ: कालच्या पोस्टीत कोणी ठोकून दिलंय, "गोंयच्या सायबाचं शव बघितलं, जेमतेम पाच फूट, बांधा किरकोळ." डोकं फिरलं. गोंयचा सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर. 1552 च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळ सांचुआन बेटावर वारले. आधी चुन्यात पुरलं, मग आजच्या मलेशियातल्या मलाक्काला नेलं, 1554 ला गोव्याला आणलं. तेव्हापासून सुकत आलेलं शरीर आहे ते, मणक्यांमधल्या चकत्या राहतात थोड्याच! उंची हवी तर मांडीचं हाड मोजा. हाडावरून उंची काढायचं ट्रॉटर-ग्लेसर यांचं सूत्र, 1952: सेंटीमीटरमधली लांबी गुणिले 2.38, अधिक 61.41. तरी सव्वातीन सेंटीमीटर मागेपुढे. तुम्ही काय मोजलंत?

पेडण्याची माई: पोस्ट माझीच. डोळ्यांनी बघितलं ते लिहिलं. आणि तुमचं सूत्र अमेरिकन माणसांच्या हाडांवरून काढलेलं. सोळाव्या शतकातल्या, आजच्या स्पेनातल्या नवाराच्या माणसाला ते चालतं होय?

हाडवैद्य: मांडी कशाला? उजव्या हाताचा पुढचा भाग 1614 लाच कापून रोमला नेला, दंडाचं हाड पुढे मकावला. ते मोजा.

मांडवीकाठ: दंडावरून चूक चार सेंटीमीटरवर जाते, वैद्यबुवा.

कुडचडेकर: चरित्रांत येतं, मलाक्कात खड्डा अपुरा पडला म्हणून मान वाकवून पुरलं. आता सांगा, खड्डा आखूड की माणूस उंच?

पेडण्याची माई: माझे आजोबा सहा फुटी. शेवटी खाटेवर पोरासारखे दिसत. मला शिकवू नका.

मांडवीकाठ: अहो, मग तुम्ही माझंच म्हणणं सांगताय!

म्हापशेकर: उंचीचं सोडा. दर दहा वर्षांनी शव दर्शनाला ठेवतात ना, त्या 2024 च्या दर्शनाला जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलात आईला व्हीलचेअरवरून नेलं. रांग हलेना, आणि वशिल्याची माणसं बाजूच्या दाराने आत. पेटीपाशी पोचतो तर स्वयंसेवक "चला चला". काय दिसलं? काचेवरचा उजेड.

कुडचडेकर: आणि पार्किंग? गाडी कुठच्या कुठे लावून धुळीतून चालत आलो. पाण्याची सोय शून्य.

हाडवैद्य: धागा हाडांचा आहे ना?

म्हापशेकर: तुमच्या आईला उन्हात ताटकळत ठेवा, मग हाडं बोला.

पेडण्याची माई: म्हापशेकरांचं शंभर टक्के खरं. आणि मांडवीकाठसाहेब, "पाच फूट" मागे घेते, खूश? "किरकोळ" राहील.

मांडवीकाठ: कशावरून? पॅरिसला शिकताना उंच उडीत नाव होतं म्हणतात त्यांचं.

पेडण्याची माई: मग उडी मारायला किरकोळच लागतो की.

कुडचडेकर: पुढच्या दर्शनाला तरी पार्किंग जवळ देणार का, ते कोणी विचारा.