एका घरात कमावते हात किती? खान्देशातले अनुभव लिहा

यावल
वाटणीत आम्हा दोघा भावांना सारखीच केळी आली, अडीच-अडीच एकर. पंधरा वर्षांत थोरल्याचं घर कुठल्या कुठे गेलं. तो शिक्षक, वहिनी नर्स. मी आणि बायको दोघंही राबतो, पण ती केळीची पिलं, म्हणजे बुंध्याजवळचे कोंब, कापते ते कुठेच मांडलं जात नाही. मजुरी वाचली, एवढंच मी म्हणत आलो. शिवाय वादळात बाग आडवी झाली की आमचं दोघांचंही वर्ष एकदमच बुडतं; त्यांचे पगार चालू राहतात. भावाबद्दल तक्रार नाही. पण नोकरीवाला नोकरीवालीच बघतो आणि दोन्ही पगार एकाच घरात जातात. तुमच्याकडे कसं आहे?

अमळनेर
मी कापूस वेचते, किलोवर. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला शिरतात, रात्री भाकरी थापताना बोटं झोंबतात. यांची सालदारकी, म्हणजे सालाच्या बोलीवरची शेतमजुरी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरते, म्हणजे वर्षभराचं काहीतरी बांधलेलं असतं. माझं वेचणी संपली की संपलं. निंदणीला गेले तर पुरुषापेक्षा कमी रोज. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला, बचतगटात ऐकलं. बांधावर अजून कोणी त्याचं नाव काढलेलं नाही.

धडगाव
आमच्याकडून लोक दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बापाच्या हातात, हिशेब कोयत्याचा. आईने मोळ्या बांधल्या, वाहिल्या, पण तिच्या नावाने रुपया लिहिला गेला नाही. मी शाळा बुडवून कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, धाकट्या बहिणीला सांभाळायचो, म्हणून आई फडात जाऊ शकायची. तेही कामच होतं, हे मला फार उशिरा कळलं. पुढे रोजगार हमीच्या कामावर गेलो तेव्हा हजेरीपटावर आईचं नाव वेगळं दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा.

भुसावळ
मी रेल्वेत, ड्युटी रात्री-अपरात्री. बाळ झालं, सांभाळायला कोणी नाही, बायकोने शाळेतली नोकरी सोडली. शेजारणीची टिकली, कारण पोरं तिची सासू बघते. आज त्यांचा जळगावला फ्लॅट आहे. लोक म्हणतात, दोघं कमावतात ना! सासूबाईंना कोणी मोजत नाही.

यावल
सगळं बायकोला वाचून दाखवलं. मजुरांच्या वहीत आता तिचं नाव घातलंय. या आठवड्यात तिचे सहा दिवस भरले, माझे पाच.