सांगली गावभाग: परसात गॅरेज, वर भाड्याची खोली. पुराचं गणित कसं बसवायचं?

प्रश्न: जुन्या वाड्यामागे 10 बाय 20 फूट जागा, काळी माती. पाया आणि भिंती कशा घ्याव्यात?

उत्तर १: आधी पूररेषेचा नकाशा. निळ्या रेषेच्या (25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) आत, म्हणजे नदीच्या बाजूला, नवं बांधकाम विसरा. निळ्या-लाल रेषांच्या (लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) मधे असाल तर जोतं लाल रेषेपेक्षा 0.45 मीटर वर हवं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. मीटर, बोर्ड, इन्व्हर्टर सगळं वरच्या मजल्यावर.

उत्तर २: जोतं उंच घेतलं तरी मोठ्या पुरात पाणी येऊ शकतं, म्हणून गॅरेज पाणबंद करायच्या फंदात पडू नका. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं, म्हणजे चार इंची भिंत आत ढकलली जाणारच. पाण्याला वाट ठेवा: चौरस फुटाला एक चौरस इंच. तुमच्या 200 चौरस फुटांना 6 बाय 9 इंचांची चार भोकं पुरतात, समोरासमोरच्या भिंतींत दोन-दोन, तळ जमिनीपासून फुटाच्या आत. बारीक जाळी नको, जलपर्णीनं तुंबते.

उत्तर ३: काळ्या मातीत उथळ फूटिंग घेतलंत की उन्हाळ्यात भेगा. साडेतीन मीटरचे अंडररीम पाइल (जमिनीत खोल जाणारे, तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब) घ्या, प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या पातळीवरच्या आडव्या तुळईखाली) तीन इंच पोकळी सोडा. नाहीतर माती फुगून बीम उचलते. कॉलम स्वतंत्र, वाड्याच्या भिंतीला टेकू अजिबात नको. आणि त्या माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू देऊ नका (गवंडी आग्रह करेलच), ओल आत कोंडते. संडासाच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप), तोही उघडून साफ करता येईल अशा चेंबरात.