नियम उलटा करूनही वाचून दाखवा

डेटाबेसचं मॉडेल, म्हणजे माहितीचा आराखडा करताना वाक्यातली नामं म्हणजे एंटिटी (ज्यांची माहिती ठेवायची त्या गोष्टी), क्रियापदं म्हणजे रिलेशनशिप (त्यांच्यातली नाती), असं म्हणतात ते पटतं. संगणकशास्त्रज्ञ पीटर चेन यांनी १९८३ च्या लेखात इंग्रजी वाक्यरचनेची ईआर (एंटिटी-रिलेशनशिप) आकृतीशी अशीच सांगड घातली होती. पण मॉडेलमधला नियम कामातल्या माणसांना वाचून दाखवून तपासताना नुसतं होकारार्थी वाक्य पुरत नाही. टेरी हाल्पिन यांच्या ओआरएम (ऑब्जेक्ट-रोल मॉडेलिंग) या मॉडेल करण्याच्या पद्धतीत तोच नियम 'असं होणं अशक्य आहे' या रूपातही वाचून दाखवतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

सांगलीत हळदीच्या अडत दुकानाचं मॉडेल करताना 'प्रत्येक लॉट एका शेतकऱ्याचा असतो' याला दिवाणजींनी सरळ मान डोलावली. 'एका लॉटवर दोन नावं येणं अशक्य?' विचारल्यावर मात्र लगेच म्हणाले, "येतात की! भावाभावांचा माल एकत्र उतरतो, पट्टी (विक्रीचा हिशेब) दोघांची वेगळी करायची." तिथल्या तिथे हिश्श्याचं वेगळं टेबल आलं.