मदत हवी आहे: जर्मनीत असताना इथला पीएफ आणि कव्हरेज सर्टिफिकेट

नमस्कार मंडळी, कंपनी मला पुण्याहून 26 महिन्यांसाठी श्टुटगार्टला पाठवतेय. पगार इथूनच, पीएफही इथेच कापला जाणार. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारानुसार 48 महिन्यांपर्यंत ईपीएफओचं (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) कव्हरेज सर्टिफिकेट, म्हणजे पीएफ इथेच भरला जातोय याचा दाखला, असेल तर तिथल्या पेन्शनसाठी पगारातून 9.3 टक्के कापले जात नाहीत, एवढं वाचलंय. पण आमचं एचआर म्हणतं, 'तिकडे पोहोचल्यावर बघू'! मला ते पटत नाही.

कुणी अलीकडे हे सर्टिफिकेट काढलंय का? अर्ज निघण्याआधी किती दिवस करावा? उशीर झाला आणि तिथे एक-दोन महिने कपात झालीच, तर ते पैसे परत मिळतात का? आणि मुदत वाढली तर नवा अर्ज कुणी करायचा, मी की कंपनीने? तिकीट पुढच्या महिन्याचं आहे, म्हणून जरा घाई.